चार ओळींचा खुलासा

आपल्याबद्दल कधीतरी वर्तमानपत्रात छापून यावं, असं मला कळायला लागल्यापासून वाटत होतं. शेवटी छापून आलं, पण ते असं: "सोसायटीचे सचिव (वय ७४) लिफ्टमध्ये बेशुद्ध." आमच्या गावातल्या चार पानी दैनिकात, पान दोनवर, एका हरवलेल्या कुत्र्याच्या फोटोखाली. कुत्र्याचं नाव तरी दिलं होतं.

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. पाणीपुरवठा कार्यालयात मीटर विभागात आहे, आणि त्या दिवशी मी लिफ्टमध्ये पाऊलही टाकलेलं नव्हतं. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली तेव्हा मी जिन्यात होतो आणि सचिव या नात्याने परिस्थिती हाताळत होतो. म्हणजे काय, तर वर जाऊन "घाबरू नका" म्हणत होतो आणि खाली येऊन वॉचमनला हाका मारत होतो. रिकाम्या पोटी चार वेळा चढउतार झाल्यावर मला किंचित चक्कर आली, म्हणून मी पायरीवर टेकलो. टेकणं आणि बेशुद्ध होणं यात फरक आहे, हे कोणीही सुज्ञ माणूस मान्य करील.

लिफ्टमध्ये होते दोघं. चौथ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या ताई आणि पहिल्या मजल्यावरचे विमा एजंट. पहिल्या मजल्यावर राहणारा माणूस दुसऱ्याच्या वर कशाला निघाला होता हे अजून कोणी विचारलेलं नाही. विचारलं तर तो विमा उतरवायला बसवतो. लिफ्ट अडकल्यावर या गृहस्थांनी पहिला फोन लिफ्टच्या कंपनीला केला नाही, वर्तमानपत्राला केला. सुटका झाल्यावर फोटोही त्यांनीच काढून पाठवला. त्यात ते स्वतः हसतमुख, शेजारी ताई, आणि ताईंच्या पलीकडे पाठमोरा उभा असलेला त्यांचा कपडे मापायचा पुतळा, निळ्या झग्यात. बातमीत छापलं होतं: "अडकलेल्या तिघांपैकी एका तरुणीला जबर धक्का बसला असून ती बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हती." एजंट महाशयांना "प्रसिद्ध उद्योजक" केलं होतं. त्यांना त्या बातमीत एकही चूक सापडली नाही.

पेपर प्रथम वाचला सासूबाईंनी. त्या दोन वर्षांपासून आमच्याकडे राहतात. वय त्र्याहत्तर. सरकारी छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितशोधक होत्या. छापून जायच्या आधी मजकुरातल्या चुका शोधणं हा त्यांचा धंदा, आणि निवृत्तीनंतर तो धंदा त्या आमच्या घरात करतात. औषधाच्या बाटलीतला घडी केलेला कागद त्या शेवटपर्यंत वाचतात. बिस्किटाच्या पुड्यावर "कुरकूरीत" असं छापलं होतं, तर कारखान्याला पत्र गेलं. वीजबिलाच्या मागच्या बाजूच्या सूचना आजवर कोणी वाचल्या असतील असं वीजमंडळालाही वाटत नसेल. सासूबाईंनी त्यातले सतरा दोष कळवले. कानामागे लाल पेन्सिल कायम असते. आंघोळीलासुद्धा ती काढून ठेवावी लागते, याची त्यांना चीड येते.

"जावईबापू," त्या पेपरवरून चष्मा न उचलता म्हणाल्या, "आता बसमध्ये ज्येष्ठांची जागा मला तुमच्यासाठी सोडावी लागणार. माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठे झालात."

मी पेपर वाचला. मग उभ्याने पुन्हा वाचला. बायको म्हणाली, "अहो, कुणी वाचत नाही ते पान." इतक्यात तिच्या बहिणीचा फोन आला, की भाऊजी शुद्धीवर आले का.

कार्यालयात गेलो तर आस्थापना विभागाचे हेडक्लार्क माझी वाटच पाहत होते. त्यांच्यासमोर माझं सेवापुस्तक उघडं होतं आणि त्यावर बातमीचं कात्रण टाचलेलं होतं.

"निवृत्तीचं वय अठ्ठावन्न," ते अत्यंत दुःखी आवाजात म्हणाले. "तुम्ही सोळा वर्षं जास्त बसलात."

"अहो, ती छपाईची चूक आहे. सेवापुस्तकात माझी जन्मतारीख आहे की!"

"सेवापुस्तकात आहे ती तुम्ही सांगितलेली. पेपरात आहे ती त्रयस्थाने सांगितलेली. वजन कशाला जास्त, तुम्हीच बघा."

"पण तुम्ही मला बावीस वर्षं ओळखता!"

"ओळख हा पुरावा होत नाही. जन्मदाखला आणा. नाहीतर पेपरवाल्यांकडून खुलासा आणा."

तर अशा रीतीने, एक छोटासा खुलासा छापून आणायचा, एवढंच काम माझ्या अंगावर आलं. मला ते एका दुपारचं वाटलं होतं.

सल्ले आपोआप मिळाले. दुसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले, सरळ अब्रुनुकसानीचा दावा लावा. फक्त नुकसान होण्याआधी अब्रू किती होती याचा पुरावा गोळा करायला लागा. मी दोन दिवस त्या दिशेने विचार केला आणि सोडून दिला. निवृत्त हेडमास्तर म्हणाले, दुर्लक्ष करा, आजचं छापलेलं उद्या कोणाच्या लक्षात राहतं? हे त्यांनी मला जिन्यात भेटून तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा "आता कसं वाटतंय?" असं विचारलं.

मी संपादकांना पत्र लिहिलं. आठ पानं झालं. त्यात दोन पानं माझ्या एकूण चारित्र्याविषयी होती आणि एक पान मी त्या प्रसंगी दाखवलेल्या धीराविषयी. सासूबाईंनी पत्र हातात घेतलं, कानामागची पेन्सिल काढली आणि दहा मिनिटांनी चार ओळी मला परत दिल्या.

"आई, माझा धीर गेला यातून."

"तुम्ही जिन्यात हाका मारत होतात. त्याला हाका म्हणतात," त्या म्हणाल्या. "खुलासा म्हणजे चूक काय आणि बरोबर काय. तिसरं काही घातलं की त्यात नवी चूक होते."

चार ओळी पाठवल्या. शुक्रवारी खुलासा आला: "बुधवारच्या बातमीत सोसायटीचे सचिव बेशुद्ध झाल्याचे म्हटले होते. ते शुद्धीत नव्हते, असे त्यांनी स्वतः कळवले आहे."

मी फोनवर तणतणलो. पलीकडून एका मुलीने मनापासून माफी मागितली. शनिवारी दुसरा खुलासा आला. त्यात बेशुद्धीचा विषय सोडून दिला होता, वय घेतलं होतं: "सचिवांचे वय ४७ नसून ७४ आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत."

हेडक्लार्कांनी तोही टाचला. "आता तर खुलासाच आला," ते म्हणाले.

बायको म्हणाली, "तिसरा खुलासा अजिबात नको. हे लोक मला विधवा करतील."

मी मात्र पेटलो होतो. रविवारी दिवसभर मी चुकांची यादी केली. वय, बेशुद्धी, लिफ्टमधली माझी उपस्थिती, पुतळा, उद्योजक. पाच चुका. यादी सासूबाईंकडे तपासायला दिली, तर त्या भलत्याच ठिकाणी बघत होत्या.

"जावईबापू, आपले वॉचमन कुठे आहेत?"

"रजेवर असतील."

"पेपर मला रोज सकाळी तेच वर आणून देतात. दारात उभं राहून पहिल्या पानावर एक तरी चूक दाखवतात, मी दुसरी दाखवते. गुरुवारपासून पेपर कोणीतरी दारावर फेकतंय. खाली जाऊन विचारून या."

मी खाली गेलो. गेटवर एक अनोळखी तरणा गडी खुर्ची टाकून बसला होता. मी गुरुवारपासून त्याच्यासमोरून येजा करत होतो. तो म्हणाला, "जुन्यांना एजन्सीने काढलं. पेपरात आलं ना, जागेवर नव्हते म्हणून."

मी वर आलो आणि सांगितलं. सासूबाईंनी बुधवारचा अंक मागितला. बातमीची शेवटची ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली: "सुरक्षारक्षक जागेवर नसल्याने सुटकेस विलंब झाला." ही ओळ मी सात-आठ वेळा वाचली होती. त्यात मी नव्हतो, म्हणून ती मला दिसली नव्हती.

खरं काय होतं ते आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. लिफ्ट अडकल्याबरोबर वॉचमन धावत गच्चीवर गेले होते. तिथे मशीनरूममध्ये मोटरला एक लोखंडी चाक असतं. मेन स्विच बंद करायचा, ब्रेकची दांडी एका हाताने दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने ते चाक फिरवायचं, की लिफ्ट हळूहळू सरकते. हे काम दोन माणसांचं. वॉचमननी मेकॅनिकला दोनदा करताना पाहिलेलं, तेवढ्यावर ते एकट्याने केलं आणि लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर आणली. साठीचा माणूस. मी त्यांना खाली हाका मारत होतो तेव्हा ते माझ्या डोक्यावर सहा मजले उंच घाम गाळत होते.

सासूबाईंनी तीच ओळ पुन्हा एकदा बोट ठेवून वाचली. मग म्हणाल्या, "ही चूक माझ्या नजरेतून सुटली. वाक्याला व्याकरण होतं, ऱ्हस्वदीर्घ बरोबर होतं, म्हणून मी पुढे गेले. चौतीस वर्षं छापखान्यात असं केलं नाही." त्यांचा चेहरा असा झाला होता, की मला माझ्या वयाचा विसर पडला. दोन्ही वयांचा.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली. लिफ्ट बंदच होती. सासूबाईंचे गुडघे गेली पाच वर्षं संपावर आहेत. त्या तीन मजले जिना उतरल्या. प्रत्येक वळणावर थांबल्या, पण "नको, परत जाऊ" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावर वकील भेटले आणि दाव्याचं विचारायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "बाजूला व्हा, कठडा सोडायचा नाहीये मला."

वर्तमानपत्राचं कार्यालय एका चष्म्याच्या दुकानावर होतं. हा योगायोग मला बोलून दाखवायचा होता, पण सासूबाई पुन्हा जिना चढत होत्या. एकच लांबट खोली. एका टोकाला संपादक, दुसऱ्या टोकाला छपाईचे जुने गठ्ठे, आणि मधे एक पंचविशीची मुलगी, कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन धरून दोन्ही हातांनी टाइप करत होती. हीच ती फोनवर माफी मागणारी वार्ताहर. तिच्या टेबलावर अर्धवट खाल्लेला डबा होता आणि डब्याच्या झाकणावर त्या दिवशीच्या बातम्यांची यादी. एकोणीस बातम्या. दुसरा वार्ताहर दोन महिन्यांपूर्वी सोडून गेला होता आणि त्याच्या बातम्याही तीच लिहीत होती.

मी बोलायला सुरुवात केली. घरून पाठ करून आलो होतो. पत्रकारितेची जबाबदारी, एका गरीब माणसाचं काम, समाजाचा आरसा, वगैरे. आवाज चांगला लागला होता. संपादकही ऐकत होते.

मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, माझी वही बघता का?"

वही मात्र बघण्यासारखी होती. स्वच्छ अक्षर, प्रत्येक ओळीसमोर वेळ, आणि कोणी सांगितलं ते कंसात. माझं वय "४७" असं ठळक लिहिलेलं होतं. टाइप करताना उलटं झालं होतं. "बेशुद्ध" समोर "विमा एजंट" होतं. आणि त्याच्या वर: "९.५२. सचिव, फोनवर. वॉचमन जागेवर नाही. हाका मारून घसा बसला."

खाली आणखी दोन नोंदी होत्या. "१०.२०. सचिवांना फोन. वॉचमन कुठे होता? उचलला नाही." "११.०५. पुन्हा. उचलला नाही."

सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे वाक्य तुमचं?"

"माझं," मी म्हणालो. "पण तेव्हा मला ते वर आहेत हे माहीतच नव्हतं."

"आणि हे दोन फोन?"

फोन मी पाहिले होते. अकरा वाजता मला सगळं माहीत होतं. पण तेव्हा मी खुर्चीत पाय वर करून पडलो होतो, बायको लिंबाचं सरबत देत होती आणि मला बोलायचा कंटाळा आला होता. हे सगळं मी त्या खोलीत सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. समाजाचा आरसा वगैरे जे उरलं होतं ते मी गिळून टाकलं.

सासूबाईंनी मुलीकडे वळून विचारलं, "बाळ, एक खुर्ची मिळेल का? टेकता येईल अशी."

संपादक पुढे आले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. म्हणाले, "आजी, एकाच लिफ्टवर तिसरा खुलासा? गाव हसेल आम्हाला."

"हसू दे. हसण्यासाठी का होईना, पुन्हा वाचतील. पहिल्या वेळी नीट वाचलं नाही त्यांनी. मीही नाही."

"पान दोनवर फार तर चार ओळी बसतील. निविदा आहे, हरवल्याची जाहिरात आहे."

"चार पुष्कळ," सासूबाई म्हणाल्या आणि कानामागून पेन्सिल काढली.

मग चार ओळींत काय घालायचं हा प्रश्न आला. माझं वय दुरुस्त करायचं तर एक ओळ जात होती, बेशुद्धीला दुसरी. सासूबाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेन्सिलही दिली. त्यांनी आयुष्यात कोणाच्या हातात ती पेन्सिल दिली असेल असं मला वाटत नाही. मी हेडक्लार्कांचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. ते टाचलेलं कात्रण आणलं. मग पेन्सिल परत दिली.

"माझं राहू द्या," मी म्हणालो. "सगळं वॉचमनचं लिहा. आणि कोणी सांगितलं होतं तेही लिहा."

त्यांनी लिहिलं. मुलीने टाइप केलं. मग दोघींनी ते छापखान्याच्या पद्धतीने तपासलं. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने अक्षरावर बोट ठेवून बघायचं. "सुरक्षारक्षक, काना, नव्हते, पूर्णविराम." खोलीत प्रार्थना चालल्यासारखं वाटत होतं. संपादकांनी पंखा बंद केला, कागद उडू नये म्हणून की काय. मजकूर असा झाला:

"बुधवारच्या बातमीत सुरक्षारक्षक जागेवर नव्हते, असे छापले होते. ते त्या वेळी गच्चीवर लिफ्टचे चाक हाताने फिरवत होते. अडकलेल्यांची सुटका त्यांनीच केली. अर्धी माहिती सोसायटीच्या सचिवांनी दिली, आम्ही ती न तपासता छापली."

शेवटचे पाच शब्द मुलीने स्वतः घातले. संपादकांनी तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं.

आम्ही निघालो नाही. सासूबाईंनी सांगितलं, पान लागेपर्यंत मी इथेच आहे. संध्याकाळी साडेसहाला संपादकांनी पान संगणकावर जुळवलं, वर स्वतःच्या हाताने मथळा दिला आणि अभिमानाने सासूबाईंना बोलावलं. मला सगळं ठीक दिसलं. मुलीलाही दिसलं. सासूबाईंनी पडद्याला नाक लावलं आणि पेन्सिलचं टोक मथळ्यावर ठेवलं. तिथे लिहिलं होतं: "सुरक्षाभक्षकाबाबत खुलासा."

संपादक मटकन खाली बसले. तीस वर्षं संपादकी केलेल्या माणसाचे कान लाल होताना मी प्रथमच पाहिले. मुलगी पोट धरून हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटतं, ते सगळं पाणी हसण्याचं नव्हतं. दोन महिन्यांत तिच्या बातमीवर दुसऱ्या कोणी नजर टाकल्याचा तो पहिला दिवस होता.

खुलासा मंगळवारी आला. एकही चूक नाही. मी तो कापून सुरक्षा एजन्सीच्या कार्यालयात घेऊन गेलो. तिथल्या व्यवस्थापकांनी तो उलटसुलट पाहिला.

"बातमीची दखल आम्ही घेतो. खुलाशाची घ्यावी असा नियम नाही."

"मग काय करू?"

"अडकलेल्यांचे लेखी जबाब आणा. तिघांचे."

"दोघंच होते."

त्यांनी फाईल उघडली. बुधवारची बातमी तिथेही टाचलेली. "तिघं आहेत. ही धक्का बसलेली तरुणी. तिचा जबाब लागेल."

"ती बोलत नाही हो."

"लिहिलंय तसं इथे. बोलत नसेल तर समक्ष आणा."

हे मी शिवणाच्या ताईंना सांगितलं. वॉचमनचं काम गेलंय हे त्यांनाही माहीत नव्हतं. रजेवर असतील असंच त्यांनाही वाटलेलं. ताईंनी हातातली कात्री खाली ठेवली, पुतळ्याच्या अंगावरचा अर्धवट झगा काढून चांगला शिवलेला घातला आणि म्हणाल्या, "चला."

बुधवारी एजन्सीत आम्ही पाच जण गेलो: मी, सासूबाई, ताई, विमा एजंट आणि पुतळा. ताईंनी पुतळा व्यवस्थापकांसमोरच्या खुर्चीपाशी उभा केला.

"ही ती तरुणी," ताई म्हणाल्या. "विचारा काय विचारायचं ते."

व्यवस्थापकांनी पुतळ्याकडे पाहिलं. फोटोकडे पाहिलं. पुतळा वळवून त्याची पाठ पाहिली. त्यांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग घसा साफ करून म्हणाले, "उरलेल्या दोघांचे जबाब घेऊ."

एजंटनी बाणेदारपणे स्वतःला विमा एजंट म्हणवून घेतलं. उद्योजक हा शब्द सोडताना त्यांना त्रास झाला, पण सोडला. सुटका वॉचमननीच केली असं सांगून त्यांनी सही केली आणि एकदाही हप्त्याची गोष्ट काढली नाही. मला त्या दिवशी हा माणूस आवडला.

मग ताईंचा जबाब. "लिफ्ट हलायला लागली. दार उघडलं. वॉचमनकाका वरून धावत खाली आले, घामाने भिजलेले. आम्हाला विचारलं, बरं आहे ना. मग जिन्यात गेले आणि सचिवसाहेबांच्या तोंडावर पाणी मारलं."

"कोणाच्या?" मी म्हणालो.

"तुमच्या. तुम्ही पायरीवर आडवे होतात ना. तीनेक मिनिटं तरी. एजंटसाहेब म्हणाले गेले हे."

एजंट मान हलवून म्हणाले, "मी काळजीने म्हणालो."

मला पाणी आठवत होतं. ते बायकोने मारलं असं मी गृहीत धरलं होतं. म्हणजे वय चूक, लिफ्ट चूक, तरुणी चूक, उद्योजक चूक, वॉचमन चूक. आणि ज्या एका शब्दासाठी मी आठ पानं लिहिली, फोनवर तणतणलो, तो तेवढा बरोबर छापला होता. व्यवस्थापकांनी विचारलं, हेही जबाबात घ्यायचं का. सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या.

"घ्या," मी म्हणालो. "खरं आहे तर घ्या."

तेव्हा त्यांनी मान वळवली. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत सासूबाईंनी मला अनेकदा दुरुस्त केलं आहे. त्या नजरेत त्या दिवशी दुरुस्तीचं काही नव्हतं.

गुरुवारपासून वॉचमन परत आले. माझ्या वयाचं प्रकरण अजून कार्यालयात चालू आहे. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव चुकलंय असं निघालं, त्यामुळे ते चांगलं लांबेल. सासूबाई मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चष्म्याच्या दुकानावर जातात. मुलगी येऊन रिक्षाने नेते, परत आणते. तिने लिहायचं, यांनी तपासायचं, आणि कोणाचं अर्धं वाक्य आलं की आधी फोन करायचा, तो उचलेपर्यंत करायचा. हेडमास्तरांची तक्रार आहे की पेपरात हल्ली काही मजा राहिली नाही, दहा मिनिटांत वाचून होतो.

वॉचमन परत आले त्या दिवशी मी खाली जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण पाठ केलेलं पुन्हा वापरायची हिंमत झाली नाही.

"तुमचं काम माझ्यामुळे गेलं होतं," मी म्हणालो. "मी अर्धवट बोललो. नंतर फोन आला तो उचलला नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "वाचलं मी. आईंनी सांगितलंही."

"रागावला नाहीत?"

"रागावलो होतो की. आठवडाभर." त्यांनी गेटची कडी लावली आणि किल्ल्यांचा जुडगा उचलला. "वर कधी गेलायत? मशीनरूममध्ये?"

सात वर्षं सचिव आहे मी. कधीच गेलो नव्हतो.

आम्ही जिना चढलो. लिफ्ट अजून बंदच होती, एक सुटा भाग यायचा होता. खोली लहान, तेलाचा वास, एक उघडा दिवा. चाक माझ्या कल्पनेपेक्षा लहान होतं. वॉचमननी मेन स्विच बंद असल्याचं मला हाताने दाखवलं, ब्रेकची दांडी दाबून धरली आणि म्हणाले, "फिरवा. खालच्या बाजूला."

मी फिरवलं. हललं नाही. पाय रोवले, दोन्ही हात लावले, दात आवळले. कार्यालयात गेली बावीस वर्षं मी नळांचे व्हॉल्व बघत आलोय, मला वाटलं होतं जमेल. चाक जिथल्या तिथे.

"लिफ्टला पलीकडून वजन असतं," ते म्हणाले. "ते तिला वर ओढतं. रिकामी असली की जास्तच."

"मग तुम्ही एकट्याने कसं केलंत?"

"आत माणसं होती ना," ते म्हणाले. वजनामुळे जरा सोपं गेलं असं त्यांना म्हणायचं होतं की दुसरं काही, हे मी विचारलं नाही. त्यांनी मोकळा हात माझ्या हातांशेजारी चाकावर ठेवला. "आता. एकदम."

चाक वीतभर फिरलं. खाली कुठेतरी, सहा मजल्यांच्या पोटात, लिफ्ट कण्हली आणि बोटभर सरकली.